चेंडूवरचे टाके

माझा दादा शर्ट घालतो तेव्हा आधी उजवा हात बाहीत सरकवतो, मग डाव्या हाताने कॉलर ओढून शर्ट पाठीवरून फिरवतो. उलटं केलं तर खांदा अडतो. त्याचा उजवा हात कानाच्या वर जात नाही. केसही तो डाव्या हाताने विंचरतो, त्यामुळे भांग कायम वाकडा, आणि वहिनी रोज सकाळी त्याला दारात थांबवून तो सरळ करते. त्याचं कुलपं-किल्ल्यांचं छोटं दुकान आहे. दुकानातल्या वरच्या फळ्या रिकाम्या. एखादं नवं गिऱ्हाईक विचारतं, "माल संपला का हो?" दादा म्हणतो, "वर उंदीर होतात." उंदीर कसले! हात पोचत नाही आणि गिऱ्हाइकासमोर स्टुलावर चढायला त्याला कमीपणा वाटतो, एवढंच.

शाळेत असताना हाच दादा बेसबॉलच्या टीमचा पिचर होता. मैदानाच्या मधोमध मातीचा एक उंचवटा असतो, त्याला माउंड म्हणतात; त्याच्यावर उभं राहून समोरच्या फलंदाजाला चेंडू टाकायचा, हे पिचरचं काम. दादाला सगळे 'तोफ' म्हणायचे. मी बरीच धाकटी. दप्तर मांडीवर घेऊन जाळीबाहेर बसायची. त्याचा चेंडू कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसला की असा फट्ट आवाज यायचा की माझ्या दातांत झिणझिण्या यायच्या.

टीमचे कोच होते, त्यांना सगळे नुसतंच 'सर' म्हणत. त्यांची सगळी विद्या एका वाक्यात मावायची: दुखणं डोक्यात असतं, हातात नसतं. सरावात पाणी प्यायचं नाही, कारण पाणी पिणारा पोरगा मऊ पडतो. कमरेला टायर बांधून पळायचं. एकमेकांना पाठीवर घेऊन बेडूकउड्या मारायच्या. आणि दादासाठी खास खुराक म्हणजे अंधार पडून चेंडू दिसेनासा होईपर्यंत टाकत राहायचं. शेवटच्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेत सरांनी त्याला एकही दिवस विश्रांती न देता प्रत्येक सामन्यात उभं केलं. अंतिम सामन्यात खांद्यात ओलं फडकं फाटल्यासारखं काहीतरी झालं, असं तो सांगतो. तरी त्याने सामना पुरा केला. टीम हरली. खांद्याचं ऑपरेशन झालं, टाके पडले, आणि तोफ कायमची थंड झाली. सर दवाखान्यात फिरकलेसुद्धा नाहीत.

तेव्हापासून मला त्या माणसाचा राग आहे. दादाला नाही. हीच माझी मोठी अडचण.

मी कार्टून काढणाऱ्या एका स्टुडिओत चित्रकार होते. गेली काही वर्षं आमच्याकडे एक बेसबॉलची मालिका चालू होती. शाळकरी पोरगा, गरीब घर, मोठे डोळे, भन्नाट चेंडू. त्यात चेंडू टाकण्याची सगळी दृश्यं माझ्याकडे यायची. टाच कधी उचलते, कोपर कुठून फिरतं, बोटं चेंडूला शेवटी कशी सोडतात, हे मला डोळे मिटूनही दिसायचं. लहानपणी दुसरं पाहिलंच काय होतं मी! स्टुडिओत माझं नाव पडलं होतं 'हातवाली'.

मालिका तुफान चालायची. दादा दर आठवड्याला दुकान लवकर बंद करून ती बघायचा, शेजारी त्याची लेक. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही. खारू मुलांच्या क्लबात पिचर होती आणि उरलेल्या वेळात इमारतीच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारून तळमजल्यावाल्यांच्या शिव्या खायची. दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला किल्ली देता देता सांगायचा, "ते बेसबॉलचं कार्टून आहे ना? त्यातले हात माझी बहीण काढते."

आमचा डायरेक्टर खरेपणाच्या मागे वेडा होता. चेंडूवरचे लाल टाके मोजून काढायचे, एक कमी पडला तर चित्र परत. बुटाखालच्या खिळ्यांत अडकलेली माती ओली की कोरडी, यावर आमच्या बैठका व्हायच्या. आणि इतकं करून आमच्या पोराचा चेंडू हातातून सुटून कॅचरपर्यंत पोचायला अर्धा भाग लागायचा. तेवढ्यात त्याला आई आठवायची, बालपण आठवायचं, शत्रूचाही भूतकाळ दिसायचा. त्यावरून प्रेक्षक खूप टिंगल करत. एकाने लिहिलं होतं, चेंडू पोचेपर्यंत माझं दूध उतू गेलं, मी भांडं घासलं, परत आलो तर चेंडू अजून हवेतच. आम्ही हसलो, पण डायरेक्टरच्या ते जिव्हारी लागलं. पुढचा मोठा भाग नायकाच्या खडतर सरावाचा होता. त्याने जाहीर केलं, "या भागात खोटं काही चालणार नाही. मी खरा माणूस आणतोय. सल्लागार."

दुसऱ्या दिवशी सल्लागार आले. केस पांढरे झाले होते, पाठ तशीच ताठ. मला ओळखायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. सर!

त्यांनी मला ओळखायचं काही कारण नव्हतं. डायरेक्टरने त्यांना खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. सर बोलू लागले. तेच टायर, तेच बेडूक, तेच पाणी. सगळी तरुण मंडळी माना खाली घालून भराभर टिपून घेत होती. डायरेक्टरच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही," सर म्हणाले.

माना डोलल्या.

"आणि घाव घालताना जे दगड फुटतात, त्यांचं काय?" मी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले वगैरे नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "फुटतो तो मुळातच ठिसूळ असतो, बाई."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. उठून सांगणार होते, की तुम्ही ठिसूळ म्हणताय तो माझा भाऊ आहे. तेवढ्यात डायरेक्टर टाळ्या वाजवत म्हणाला, "हे वाक्य लिहून घ्या रे! असंच्या असं नायकाच्या कोचच्या तोंडी घालू." आणि सगळे लिहायला लागले.

संध्याकाळी मी तडक दादाच्या दुकानात गेले. तो मशीनवर किल्ली घासत होता. मी सगळं एका दमात सांगितलं, मला वाटलं तोही पेटेल. त्याने मशीन बंद केलं आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"सर? आपले सर? तुमच्या स्टुडिओत?"

"आपले कसले डोंबलाचे!"

"कसे आहेत गं? बारीक झालेत का? माझी आठवण काढली?"

"दादा, तो माणूस तुला ठिसूळ दगड म्हणाला."

"मला कुठे म्हणाले? त्यांना माहीत तरी होतं का तू कोणाची बहीण ते? तू सांगितलं नाहीस?" तो खरंच नाराज झाला. "वेडीच आहेस. सांगायचं ना, तोफेची बहीण म्हणून. उठून उभे राहिले असते."

"त्यांनी तुझा हात घालवला."

"हात गेला तो खेळात गेला. लोकांचे कारखान्यांत जातात, त्याला कोणी टाळ्या वाजवतं का?" किल्लीवरचा लोखंडाचा भुगा त्याने फुंकरीने उडवला. "माझ्या आयुष्यातले तेच दिवस चांगले होते. तुला नाही कळायचं."

मी पाय आपटत घरी आले. आता विषय संपला असं मला वाटलं होतं, पण दादा म्हणजे दादा.

दोन दिवसांनी सर स्टुडिओच्या मागच्या गाड्या लावायच्या जागेत आम्हाला पवित्रे दाखवत होते. गाड्या हलवून जागा मोकळी केली होती, एका टोकाला जाळं बांधलं होतं, डायरेक्टर स्वतः कॅमेरा घेऊन उभा. तेवढ्यात फाटकातून दादा आत आला. इस्त्रीचा शर्ट, भांग सरळ, बोटाला खारू. तिच्या हातात तिचा हातमोजा.

"सर!" त्याचा आवाज फुटला होता. "मी... तोफ."

सरांनी डोळे बारीक केले. "तोफ... हां, हां! तू तो डावखुरा ना?"

दादा हसत होता, ते हसू तसंच राहिलं. "नाही सर. उजवा. शेवटच्या स्पर्धेचे सगळे सामने मीच टाकले होते. आपण अंतिमपर्यंत गेलो होतो."

"असेल, असेल. बरीच पोरं येऊन गेली रे हाताखालून." सरांनी चेंडू त्याच्याकडे उडवला. "बरं झालं आलास. टाकून दाखव या चित्रकारांना. यांना वाटतं आपण थापा मारतो."

"दादा, नको," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो चेंडू डाव्या हातातून उजव्यात घेत होता. बोटं आपोआप टाक्यांवर जाऊन बसली. खारू एकदम ताठ उभी राहिली. बापाला टाकताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"कोपर वर!" सर कडाडले.

आणि दादाने कोपर वर घेतलं. इतकी वर्षं वहिनीने, डॉक्टरने, व्यायामवाल्या बाईने वर नेऊन न गेलेलं ते कोपर त्या आवाजासरशी वर गेलं. पुढे काय झालं ते मी नीट पाहिलं, कारण असं पाहणं हेच माझं काम. खांदा मध्येच थांबला. शरीर पुढे गेलं आणि हात मागे राहिला. चेंडू त्याच्या पायांपासून थोड्या अंतरावर पडला आणि एका गाडीच्या चाकाखाली घरंगळला. दादा खांदा धरून वाकला. तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता.

"सराव सोडलास तू," सर म्हणाले. "दिसतंच आहे."

"ऑपरेशन झालं, सर," दादा दातांवर दात दाबून म्हणाला. "अंतिम सामन्यानंतर."

"ऑपरेशन खांद्याचं झालं. कच्चं मन होतं. मी तेव्हाही सांगितलं असेल तुला."

असेल! त्यांना तेही आठवत नव्हतं. मी पुढे झाले आणि त्याच वेळी मागून डायरेक्टरचा आवाज आला, अगदी हळू, देवळात बोलावं तसा: "तो चेहरा... तो चेहरा आला. सगळा आला."

कॅमेरा अजून चालूच होता.

मी डायरेक्टरसमोर जाऊन उभी राहिले आणि काय काय बोलले ते मला आज सगळं आठवत नाही. निर्लज्ज म्हणाले, हे आठवतं. लोकांची हाडं मोडून त्यावर टाळ्या घेणारे म्हणाले. सरांना म्हणाले, की तुमच्या हाताखालून पोरं येऊन गेली नाहीत, वाया गेली. ज्याला तुम्ही जन्मभर पुरेल इतकं दुखणं दिलंत त्याचा डावा-उजवा तरी लक्षात ठेवायचा होता. स्टुडिओतले सगळे खिडक्यांत आले. सर शांतपणे टोपी झटकत राहिले. खारू रडत होती.

"चल," दादा म्हणाला. सरांना नाही, मला. आणि मी त्याच्यामागून निघाले.

आम्ही दुकानावर आलो. दुकानाचं शटर त्याने डाव्या हाताने वर केलं, खारूला मागे पाणी प्यायला पाठवलं आणि मग माझ्यावर उसळला.

"समाधान झालं तुझं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळ्यांसमोर माझा तमाशा केलास!"

"मी केला? मी?"

"तू ओरडली नसतीस तर मी हसून वेळ मारून नेली असती. इतकी वर्षं मला वाटायचं, हात गेला तर गेला, पण त्या माणसाच्या लेखी मी कोणीतरी होतो. तेवढंच होतं माझ्यापाशी. तेही घालवलंस."

"ते मुळात नव्हतंच, दादा! त्यांना तू आठवत नाहीस."

"माहीत आहे!" तो इतक्या जोरात ओरडला की समोरचा शिंपी दुकानातून बाहेर आला. "मला कळलं ते. तुला परत सांगायची काही गरज नाही. जा तू."

मी गेले. मलाही राग होताच. बाजू कोणाची घ्यायची आणि शिव्या कोणाच्या खायच्या! आमचं बोलणं बंद पडलं.

स्टुडिओत मला कोणी काढून टाकलं नाही. डायरेक्टर उलट गोड झाला होता. त्याने सरावाच्या भागाचं मुख्य दृश्य माझ्याच टेबलावर आणून ठेवलं. नायक अंधारात एकटाच चेंडू टाकतोय, खांदा बोलतोय, तरी टाकतोय. सोबत संदर्भासाठी दादाची ती फिल्म.

"मला कळतं तुला काय वाटत असेल ते," तो म्हणाला. "पण जरा विचार कर. असं खरं दुखणं आजवर कोणी पडद्यावर आणलेलं नाही. त्या दुखण्याचा मान राखण्याची ही संधी आहे."

मी ते दृश्य घेतलं. घेतलं कारण माझ्या डोक्यात वेगळंच होतं. मी मन लावून काढलं. पोरगा टाकतो. चेंडू पायापाशी पडतो. तो वाकतो, चेंडू उचलायला जातो आणि बोटं मिटत नाहीत. मग घरी शर्ट बदलताना हात बाहीत जात नाही, आणि त्याची आई काही न बोलता गुंड्या लावते. कोणी रडत नाही, संगीतालाही जागा ठेवली नव्हती. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं, हे मी आज रागातसुद्धा सांगू शकते.

डायरेक्टरने ते पाहिलं. दोनदा पाहिलं. "सुंदर," तो म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं. "पण चालणार नाही. गुंड्या काढून टाकू. चेहरा ठेवू, दुखणं ठेवू, आणि लगेच पुढच्या चित्रात तो उठतो, हसतो, आणि आजवरचा सगळ्यात वेगवान चेंडू टाकतो."

"त्या खांद्याने?"

"त्या जिद्दीने."

"चेंडूवरचे टाके मोजता तुम्ही. खांद्यावरचे नाही मोजत."

तो थकल्यासारखा खुर्चीत बसला. "हे बघ, हातवाली. लोक दिवसभर कुठे ना कुठे हरून घरी येतात. अर्धा तास त्यांच्यासमोर कोणी जिंकलं तर बिघडलं कुठे?"

"जिंकू दे की. पण मग दुसऱ्या कोणाचा चेहरा लावा. हा माणूस जिंकलेला नाही. तो चाकाखालचा चेंडूसुद्धा काढू शकला नव्हता. फिल्म पुसून टाका."

"फिल्म स्टुडिओची आहे."

"चेहरा माझ्या भावाचा आहे!"

त्याच दुपारी मी माझी पेनं, उशी आणि चहाचा मग उचलून बाहेर पडले. माझं नाव या भागावर नको, असं सांगून. दृश्य दुसऱ्या चित्रकाराकडे गेलं. चांगला मुलगा होता, त्याने सांगितलं तसं काढलं.

भाग लागला त्या संध्याकाळी मी टीव्ही लावणार नव्हते. लावला. नायक वाकला, तोंड उघडलं. डोळे मोठे, केस टोकदार, पण भुवईची ती एक बाजू, गालाची ती घडी, सगळा दादा. मग वीज चमकली, संगीत उसळलं आणि पोरगा हसत उठला. चेंडूने हवेत आगीची रेघ ओढली. शेवटी नावं आली. सल्लागार म्हणून सर. आणि खाली, इतरांच्या रांगेत, मी.

फोन वाजला. दादा होता. भांडणानंतर पहिल्यांदाच.

"तो मीच ना?"

"हो."

"तोंड तसंच होतं माझं?"

"तसंच."

मागे खारू ओरडत होती, "बाबा, बघ ना, काय टाकला त्याने!"

"पुढचं खोटं आहे," दादा म्हणाला.

"हो."

"साफ खोटं आहे गं. मी उठलो नव्हतो." आणि त्याने फोन ठेवला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. "लवकर मैदानावर या. तुमचा भाऊ माउंडवर बसलाय."

"बसलाय म्हणजे?"

"म्हणजे बसलाय! मांडी घालून. उठत नाही. लोक जमलेत. मला मेलीला तोंड लपवायला जागा नाही."

मी धावत गेले. खरंच, मैदानाच्या मधोमध त्या मातीच्या उंचवट्यावर दादा मांडी ठोकून बसला होता. कडेला मुलं उभी, त्यांच्या कमरेला दोऱ्या, दोऱ्यांना टायर. एक पोरगा उलटी करून सावलीत आडवा झाला होता. क्लबचा कोच, जेमतेम मिसरूड फुटलेला, दादासमोर हात जोडून उभा होता. आजूबाजूला आईबाप. काही दादाला ओरडत होते, काही कोचला, आणि काही नुसतेच कोणाला ओरडायचं ते ठरवत होते.

"काका, उठा ना," कोच म्हणत होता. "मुलांचा वेळ जातोय."

"पाण्याच्या बाटल्या आधी बाहेर काढ."

बाटल्या कोचने सामानाच्या खोलीत कुलूप लावून ठेवल्या होत्या. कुलूपवाल्याच्या देखत! खारूला तो सकाळपासून न थांबता चेंडू टाकायला लावत होता. ती कोपर चोळताना दिसली, आणि दादा फाटकातून आत शिरला तो थेट माउंडवर जाऊन बसला.

मी कोचला बाजूला घेतलं. "हे कुठून शिकलास रे?"

त्याला माझ्या रागाचं खरंच नवल वाटलं. "त्या भागात दाखवलंय ना सगळं. आणि ते मनाचं नाहीये, ताई. खरे सल्लागार होते, शेवटी नाव येतं." मग जरा घुटमळून म्हणाला, "तुमचंही आहे की त्यात. खारूचे बाबाच सांगतात सगळ्यांना."

माझ्या तोंडात आलेली शिवी तोंडातच राहिली. त्या पोराला काय सांगणार? त्याने चेंडूवरचे टाके पाहिले होते, बुटाची माती पाहिली होती, ती खरी होती. मग बाकीचंही खरंच असणार, असं त्याने धरलं. सगळ्या मैदानात फसवला गेलेला तोच होता, आणि फसवणाऱ्यांत मी होते.

"ते खोटं आहे," मी म्हणाले. "ज्याचा चेहरा पाहून तू हे सुरू केलंस ना, तो माणूस तुझ्यासमोर मातीत बसलाय. विचार त्याला, तो उठला होता का."

आता बघ्यांचीही भांडणं जुंपली. एक बाई डॉक्टर होती, तिने स्वतःच्या मुलाचा टायर सोडला आणि दुसऱ्यांचेही सोडायला लागली. एक बाप म्हणाला, अशी लाडावलेली पोरं काय घंटा जिंकणार? दादा मातीतून म्हणाला, "तुम्ही बांधा टायर आणि पळा. मी बसतो बघत." लोक हसले, तो बाप नाही हसला.

शेवटी मैदानाची व्यवस्था बघणारा माणूस आला आणि त्याने दादाला फाटकाबाहेर काढलं. पुन्हा आत पाय ठेवायचा नाही, असं चारचौघांत बजावलं. दादा डावा हात टेकून उठला, पँट झटकली, आणि चेहरा असा की जणू त्यानेच मैदान विकत घेतलंय. पण खारू! ती हातमोजा छातीशी धरून फाटकापर्यंत आली आणि तिथे फुटली.

"मला सगळे हसणार आता! तुझा हात खराब झाला म्हणून माझं सगळं बंद का?"

"हो," दादा म्हणाला. "माझा खराब झाला म्हणूनच."

"तो कार्टूनमधला तर थांबत नाही!"

"तो कागदाचा आहे. आतूला विचार. पुसला की पुन्हा काढता येतो."

"मला नाही विचारायचं तिला काही!" असं म्हणून ती वहिनीचा हात ओढत पुढे निघून गेली. आम्ही दोघं मागे राहिलो. दादा अजून रागातच होता, मीही. पण त्या दिवशी पहिल्यांदाच आमचा दोघांचा राग एका दिशेला तोंड करून होता, आणि मला त्याचं इतकं बरं वाटलं की मी त्याला कोपऱ्यावर चहा पाजला.

पुढे असं झालं. त्या डॉक्टर बाईने क्लबच्या लोकांना गाठून भंडावून सोडलं. एका मुलाने किती चेंडू टाकायचे याला मर्यादा आली, पाण्याच्या बाटल्या बाहेर आल्या. टायर गेले नाहीत. काही आईबापांनाच ते हवे होते. बापाच्या तमाशापायी क्लबातून काढलेल्या खारूला महिनाभराने परत घेतलं. मालिका चालूच आहे आणि सरांचा सल्लाही. मी त्यांना कडक शब्दांत एक निरोप पाठवला होता, उत्तर आलं नाही. सध्या मी टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी नाचणारे दात काढते. दात नाचतात हे कोणी खरं मानत नाही, त्यामुळे मला झोप चांगली लागते.

दादाला मैदानात बंदी आहे, पण बाहेरचा रस्ता कोणाच्या बापाचा नाही. सुट्टीच्या दिवशी तो दुकान उशिरा उघडतो आणि कठड्याला टेकून उभा राहतो, मनातल्या मनात चेंडू मोजत. खारूचा ठरलेला शेवटचा चेंडू झाला आणि कोचने तिला आणखी एक टाकायला सांगितला, की दादा छाती भरून ओरडतो, "बास!" आख्खा रस्ता वळून बघतो. कोच दातओठ खातो. खारू लाजेने लालबुंद होऊन चेंडू हातात तसाच धरून उभी राहते, आणि बाप ऐकणार नाही हे माहीत असूनही म्हणते, "बाबा, एकच!"

"बास म्हटलं ना!"